चालशे म्हणजे पसंत नव्हे: बडोद्यात डिझाइनचं संशोधन पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याने भाजीच्या टोपल्या ठेवायला बांबूचा स्टँड केला. खंडेराव मार्केटच्या बाहेर कोथिंबीर-मेथी घेऊन बसणाऱ्या एका बेनना तो नेऊन दाखवला. त्यांनी हात लावून पाहिला, हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "चालशे." त्याने वहीत लिहिलं, 'आवडला.' दोन दिवसांनी आम्ही दोघं तिकडे गेलो, तेव्हा बेन तो स्टँड आडवा टाकून, वर गोणपाट घालून त्याच्यावर बसल्या होत्या. टोपल्या नेहमीसारख्या जमिनीवर.

बडोद्यात वाढलेल्या कुणालाही 'चालशे' समजतं. आपल्या 'चालेल'चंच ते भावंड. ठीक आहे, तू म्हणतोस तर असू दे, वाद कशाला. कॉलेजातला मुलगा, गळ्यात आयकार्ड, हातात वही, उन्हातान्हातून आलेला. त्याला तोंडावर 'हे माझ्या कामाचं नाही' असं कोण सांगणार? ज्या माणसाला तुम्हाला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्याकडून खरी माहितीही मिळत नाही. कॉलेजात संशोधनाची पद्धत एका तासाला शिकवतात आणि नीतिमत्ता दुसऱ्या तासाला. बाजारात उभं राहिलं की दोन्ही त्या एका 'चालशे'त येऊन मिळतात. म्हणून खाली ज्या पायऱ्या सांगते आहे, त्यांत नीतीचं वेगळं प्रकरण नाही. ती प्रत्येक पायरीत आहे.

आधी प्रश्न, मग पद्धत

नवीन मुलं विषय घेऊन येतात, प्रश्न घेऊन येत नाहीत. 'मला भाजीवाल्यांवर काम करायचंय' हा विषय झाला. 'मला त्यांच्यासाठी हातगाडी करायचीय' हे तर उत्तर झालं, तेही कुणी न विचारलेलं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही आणि ते शोधायला नेमकं कुठे, किती वाजता जायचं हे त्या प्रश्नातच दिसतं. उदाहरणार्थ: 'दुपारी बारा ते चार या वेळात खंडेराव मार्केटच्या बाहेर जमिनीवर बसून पालेभाजी विकणाऱ्या बायका भाजी ताजी राहावी म्हणून काय काय करतात?' यात माणसं ठरली, वेळ ठरली, जागा ठरली. अजून डिझाइनचं नावही नाही, आणि तेच बरं.

प्रश्न एका वाक्यात लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा. आजीला कळला नाही तर तो अजून कच्चा आहे.

प्रश्न ठरला की पद्धत आपोआप सुचते. लोक काय करतात हे हवं असेल तर बघा. का करतात हे हवं असेल तर विचारा. किती जण करतात हे हवं असेल तर मोजा. सर्व्हे तेव्हाच लागतो, आणि तो शेवटी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून पन्नास उत्तरं गोळा करणं सोपं असतं, पण ती पन्नास माणसं तुमच्याच वयाची आणि तुमच्याच ओळखीची असतात. कोथिंबीरवाल्या बेनचं त्यांना काय ठाऊक?

बाहेर पडण्याआधी

दोन-तीन दिवस वाचनाला द्या. यावर आधी कुणी काम केलंय का, महानगरपालिकेचे नियम काय, बाजार कधी बसला. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी माहीत नसेल तर या निमित्ताने जाऊन या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ती सुरू केली आणि तिथे मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळंच आहे. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली तिथली जमीन काचेची आहे, खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून. डिझाइन शिकणाऱ्याने तेवढ्यासाठी तरी एकदा तिथे उभं राहावं.

जे वाचलं ते वहीच्या डाव्या पानावर लिहा, उजवं कोरं ठेवा. बाजारातून आल्यावर उजवीकडे लिहायचं. पुस्तकातलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं जिथे जुळत नाही, तिथेच तुमचं काम असतं.

कोणाकडे जायचं

सगळे आधी बोलक्या माणसाकडे जातात. बाजाराच्या तोंडाशी बसणारा, कॉलेजच्या मुलांची सवय झालेला, हसून 'बोलो बेटा' म्हणणारा एखादा काका प्रत्येक बाजारात असतो. त्याच्या मुलाखती दर वर्षी सहा-सात प्रकल्पांत येतात. तो खोटं बोलतो असं नाही, पण मुलांना काय ऐकायचंय हे त्याला आता पाठ झालंय.

कोपऱ्यात बसणाऱ्यांकडे जा. जागा पक्की नसलेल्यांकडे जा. नुकत्याच बसायला लागलेल्यांकडे, आणि शक्य झालं तर धंदा सोडून गेलेल्यांकडेही. दांडियाबाजारात आपली मराठी माणसं आहेत, बोलायला सोपं जातं, ओळखी निघतात, म्हणून सगळ्या मुलाखती तिथेच करायच्या नाहीत. ओळखीचं माणूस तुम्हाला दुखवायला कचरतं. तिथेही 'चालेल'च ऐकू येईल, फक्त मराठीत.

किती माणसं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. सुरुवातीच्या समजुतीसाठी आठ-दहा माणसांशी नीट, निवांत बोललात तरी पुष्कळ झालं. नवीन माणूस भेटूनही नवीन काही कळेनासं झालं की थांबायचं. मात्र त्या दहांवरून 'बडोद्यातल्या ७० टक्के विक्रेत्यांना' असं वाक्य कधीही लिहू नका. दहापैकी सात जण म्हणजे सात जण.

परवानगी

इथे जरा थांबून लिहिते, कारण सर्वांत जास्त घाई इथेच होते.

माणसांवरच्या संशोधनाला नियम का लागले, हे माहीत असायला हवं. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग केले. त्यांच्यावर खटला चालला आणि १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसाची स्वतःहून दिलेली संमती हे तिचं पहिलंच कलम आहे. तरीही अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालवला. त्यांतल्या जवळजवळ चारशे जणांना तो आजार होता. नेमकं काय चाललंय हे त्यांना सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन हा इलाज हाती आल्यावरही तो दिला नाही. हे उघड झाल्यावर जी चौकशी आणि चर्चा झाली, त्यातून १९७९ चा बेल्माँट अहवाल आला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या: माणसाचा मान राखा, त्याचं भलं बघा आणि नुकसान टाळा, आणि ओझं एकावर नि फायदा दुसऱ्याला असं करू नका. डिझाइनच्या मुलांना वाटतं, आपण कुठे कुणाला इंजेक्शन देतोय? पण तिसरी गोष्ट आपल्याला थेट लागू होते. वेळ भाजीवालीचा जातो आणि मार्क आपल्याला मिळतात.

परवानगी मागायची म्हणजे इंग्रजी फॉर्मवर सही घ्यायची नव्हे. वाचता न येणाऱ्या माणसापुढे कागद धरला की त्याला जमिनीच्या, कर्जाच्या कागदांची आठवण होते. सही मिळते, विश्वास जातो. तोंडी सांगा, समोरच्याच्या भाषेत, आणि सांगितलेलं वहीत तारखेसकट नोंदवा. कॉलेजला कागद हवाच असेल तर तो गुजरातीत आणि मराठीत करून घ्या, मोठ्या अक्षरात, एका पानाचा, आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

काय सांगायचं? मी मुलांना साधारण असं म्हणायला लावते: "काकू, मी अमुक, डिझाइन शिकतो. तुम्ही भाजी ताजी कशी ठेवता हे समजून घ्यायचंय. अर्धा तास लागेल. गिऱ्हाईक आलं की मी गप्प बसेन. तुमचं नाव कुठे लिहिणार नाही. हे माझ्या अभ्यासासाठी आहे, यातून तुम्हाला काही मिळेलच असं नाही. नको असेल तर नको म्हणा, मध्येच थांबवलंत तरी चालेल." गुजराती बोलणाऱ्यांना शेवटचं वाक्य असं सांगा: "ना पाडवी होय तो पाडी देजो." हे वाक्य मी पाठ करून घेते. ते ऐकल्यावर माणसाचे खांदे जरा खाली येतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

'यातून काही मिळेलच असं नाही' हे वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नका. वही घेऊन आलेलं माणूस सरकारी योजनेचं असेल, लोन मिळवून देईल, जागा पक्की करून देईल, अशी आशा लोकांना वाटते. ती तुम्ही खोडली नाहीत तर तुम्हाला मिळणारं प्रत्येक उत्तर त्या आशेला धरून येतं.

आणि 'नाही' ओळखायला शिका. तोंडाने 'नाही' म्हणणारे थोडेच. 'पछी आवजो', 'आत्ता जरा गर्दी आहे', 'माझ्या मुलाला विचारा', उत्तर देताना भाजी उगाच पुन्हा पुन्हा रचत बसणं, ही सगळी 'नाही'चीच रूपं. दोनदा 'नंतर या' ऐकलं की तिसऱ्यांदा जायचं नाही.

पैसे द्यावेत का? त्यांचा वेळ जात असेल तर चहा, थोडी भाजीखरेदी, किंवा ठरवून छोटी रक्कम द्यायला माझी हरकत नाही. पण ती इतकी नको की नकार देणं जड जावं. आणि ती मुलाखत झाल्यावर नव्हे, बोलणं सुरू होण्याआधीच सांगून टाका: मध्येच उठलात तरी हे तुमचंच.

बघणं

पहिले दोन दिवस फक्त बघा. परवानगी घेऊन, एका बाजूला बसून, पाय आखडेपर्यंत. फोन खिशात.

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतभर फिरून त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते साध्या लोट्याचं. तो भरलेला असताना आणि रिकामा असताना हातात कसा तोलतो, डोक्यावर, कमरेवर कसा नेतात, पाणी ओतताना कसं येतं, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा होतो, असे प्रश्न त्यांनी मांडले. आपल्या घरात लोटा पिढ्यान्‌पिढ्या होता. बघायचं कसं, ते या प्रश्नांवरून शिका.

कोथिंबीरवाल्या बेनकडे पहिल्या दिवशी त्या स्टँडवाल्या मुलाने लिहिलं होतं: 'भाजीवर पाणी मारतात.' मी त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी: 'पाण्याची बाटली, झाकणाला खिळ्याने पाडलेली पाच भोकं. उजव्या हाताने शिंपडतात, डावा हात जुड्या उलटतो, खालची वर, वरची खाली. पाणी गोणपाटातून उताराने डाव्या गुडघ्याकडे येतं. शिंपडण्याआधी साडी गुडघ्याखाली दाबतात, दर वेळी. १२.४० ते २.१० मध्ये सहा वेळा.' आता यात डिझाइनला हात घालायला जागा आहे. भाजी जमिनीवर आहे ही अडचणच नव्हती. ओलं होणारं गुडघ्याजवळचं कापड ही अडचण होती. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नसतं, कारण त्यांच्या मते ती तक्रार करण्यासारखी गोष्टच नाही.

तुम्ही बसल्यामुळे माणसं वेगळी वागतात हेही ध्यानात ठेवा. पहिला तासभर सगळं नीटनेटकं चालतं. दुसऱ्या तासात तुमचा विसर पडतो, तेव्हाच्या नोंदी जास्त भरवशाच्या. आणि एकाच आठवड्यावर विसंबू नका. उत्तरायणाच्या आदल्या दिवशीचा बाजार, नवरात्रातला बाजार आणि मेमधला मंगळवार हे तीन निराळे बाजार आहेत.

विचारणं

'हा स्टँड तुम्हाला उपयोगी वाटतो का?' हा प्रश्न नव्हे, आर्जव आहे. 'उन्हाचा त्रास होतो ना?' यात उत्तर तुम्हीच दिलंत. 'असं मिळालं तर तुम्ही वापराल का?' याचं उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

घडलेलं विचारा. "काल किती वाजता आलात? आल्यावर पहिलं काय केलंत?" "शेवटची भाजी फेकावी लागली ती कधी? त्या दिवशी काय झालं होतं?" माणूस काल काय झालं ते सांगायला लागला की त्याला तुम्हाला खूश करायची आठवण राहत नाही. मग गप्प बसा. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या पाच अंकांत येते.

वस्तूबद्दल विचारायचं असेल तर गुजरातीत एक फार सुंदर शब्द आहे: "फावे छे?" जमतं का, हाताला बसतं का, सोयीचं पडतं का, हे सगळं त्या एका शब्दात. 'आवडलं का' असं विचारलं तर लोक तुमच्याकडे बघून उत्तर देतात, 'फावे छे' विचारलं तर आपल्या हाताकडे बघून. मराठीतलं 'फावणं' वेगळ्या वाटेने गेलं, आपण 'त्याचं फावलं' किंवा 'फावल्या वेळात' म्हणतो. बडोद्याच्या मराठी घरांत मात्र 'मला ते नाही फावत' अगदी सहज ऐकू येतं, आणि पुण्याहून आलेली पाहुणी विचारात पडते.

शब्द जसेच्या तसे

आपल्या मुलांची गंमत अशी, की ती ऐकतात गुजरातीत, विचार करतात मराठीत आणि रिपोर्ट लिहितात इंग्रजीत. या दोन उड्यांमध्ये माणूस हरवतो. 'चालशे'चं 'समाधानी' झालं ते असंच. म्हणून नियम एकच: बोललेले शब्द ज्या भाषेत आले त्या भाषेत, देवनागरीत का होईना, तसेच उतरवा. खाली अर्थ लिहा. त्याखाली, वेगळ्या रंगात, तुम्हाला काय वाटलं ते. तिन्ही ओळी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत.

आणि त्याच दिवशी लिहा. झोपून उठलात की वाक्य तुमचं झालेलं असतं.

फोटो

मी विद्यार्थिनी असताना एका भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला होता. विचारून काढला होता, त्या हसल्याही होत्या. फोटो छान आला. वर्षअखेरच्या प्रदर्शनात आम्ही तो चार फुटी छापून दाराशीच लावला. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आली, माझ्याच वयाची. ती शहरातल्या एका कॉलेजात शिकत होती. आई भाजी विकते हे तिने वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणींबरोबर प्रदर्शन बघायला आली आणि दारातच आई समोर. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही आईला विचारलं होतं, पण इथे लावणार हे सांगितलं होतं?" मी सांगितलं नव्हतं. फोटो काढायला 'हो' मिळालं होतं, लावायला नव्हे. मी तो त्याच क्षणी उतरवला, पण मैत्रिणींनी तो पाहिलाच होता.

त्या दिवसापासून फोटोची परवानगी मी तीनदा घेते आणि घ्यायला लावते: काढताना, रिपोर्टमध्ये वापरताना, आणि बाहेर कुठेही दाखवताना. पोर्टफोलिओ, बेहान्ससारखी काम दाखवायची वेबसाइट, इन्स्टाग्राम हे सगळं 'बाहेर'मध्ये येतं. शक्यतो चेहरा घेऊच नका. हात, वस्तू, बसण्याची ढब, जमिनीपासूनची उंची हेच तुम्हाला हवं असतं. त्याहूनही चांगलं म्हणजे रेखाचित्र काढा. चित्र काढताना माणूस शेजारी येऊन बघतो, 'हे असं नाही' म्हणून सुधारतो, आणि नकळत तुमचा सहकारी होतो.

नाव, आवाज आणि ड्राइव्ह

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. 'अमुक दरवाजाशी बसणारी, पासष्टीची, चाफा विकणारी एकटी बाई' असं लिहिलंत तर नाव लिहायची गरजच उरत नाही. वय पाच-दहा वर्षांच्या पट्ट्यात लिहा, जागा थोडी ढोबळ करा, आणि जी माहिती तुमच्या प्रश्नाला लागत नाही ती घेऊच नका. कमाई, जात, कर्ज, हप्ता कोणाला देतात हे बोलता बोलता निघतं. ते ऐका, पण वहीत उतरवण्याआधी विचार करा की ही वही हरवली तर कोणाचं नुकसान होईल.

नावं आणि क्रमांकांची यादी एका वहीत, मुलाखती दुसरीकडे, फक्त क्रमांकाने. रेकॉर्डिंग विचारूनच करा आणि लिहून झालं की पुसा; कधी पुसणार तेही आधीच सांगा. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्लिप टाकायची नाही. आणि मुलाखतीचा आवाज लिहून देणाऱ्या एखाद्या फुकट एआय अॅपवर चढवायचा असेल, तर 'हा आवाज बाहेरच्या कंपनीच्या मशीनकडे जाईल' हे त्या माणसाला सांगून विचारावं लागेल. सांगायला तुम्हालाच अवघड वाटत असेल तर हाताने लिहा. हाताने लिहिताना जे कानावर पडतं ते मशीन ऐकतही नाही.

नोंदींचा ढीग

एका चिठ्ठीवर एकच नोंद, असं सगळं लिहून भिंतीवर लावा आणि जे जवळचं वाटतं ते जवळ आणा. जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची ही पद्धत; जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून तिला केजे म्हणतात. गट आधी ठरवून चिठ्ठ्या त्यांत कोंबायच्या नाहीत. चिठ्ठ्या हलवत राहा, गट त्यांतून उठतील. एकाही गटात न बसणारी चिठ्ठी फेकू नका, ती वेगळी लावा. गुडघ्याच्या ओल्या साडीची चिठ्ठी अशीच आठवडाभर एकटी होती.

करून दाखवणं

नमुना पुठ्ठ्याचा, ओबडधोबड करा. चकचकीत वस्तूला नावं ठेवायला लोकांना संकोच वाटतो; सेलोटेप लावलेल्या पुठ्ठ्याला ते बिनधास्त वाकवतात. 'हे मी केलंय' असंही म्हणू नका. दोन-तीन नमुने एकदम न्या, म्हणजे एकाला नको म्हणताना तुम्हाला नको म्हटल्यासारखं होत नाही. वापरून बघायला द्या, तुम्ही बोलू नका, आणि चुका झाल्या तर त्या नमुन्याच्या, त्यांच्या नव्हेत, हे आधीच सांगा.

पाच माणसं पुरतात असं तुम्ही ऐकाल. वस्तू वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांचं ते गणित असं: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाचांकडून साधारण ८५ टक्के होतात. हे एकाच प्रकारचे वापरणारे आणि ठरावीक काम असेल तेव्हाचं, आणि अडचणी शोधण्यापुरतं. वस्तू यशस्वी आहे हे सिद्ध करायला पाच माणसं पुरत नाहीत.

जिथे जास्त जपायचं

मुलांबरोबर काम असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं कुणीही मूल धरलं आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण त्यांतली एक गोष्ट मी सगळीकडे पाळायला लावते: पालकांच्या होकारानंतर मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा, ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी, त्यापुढे लेखी. शाळेत बाई वर्गाला 'सगळे भाग घेणार ना?' विचारतात आणि सगळे 'होऽऽ' म्हणतात, तो होकार धरू नका. दवाखान्यात, रुग्णांबरोबर काही करायचं असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, काम नंतर.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं. त्यानंतर चिखल उपसणाऱ्या माणसांपुढे कुणी फॉर्म घेऊन उभं राहावं, हे मला कधीच पटणार नाही. तेव्हा हातात फावडं घ्या. संशोधन दोन-तीन महिन्यांनी, त्यांनी बोलावलं तर.

बडोद्याहून मुलं छोटा उदेपूरकडे पिठोरा बघायला जातात. राठवा समाजात पिठोरा म्हणजे नवस फेडताना घराच्या भिंतीवर रेखलेलं देवाचं चित्र. रेखणारे लखारा, विधी करणारा बडवा. तिथला घोडा उचलून मोबाइल कव्हरवर छापायचा असेल तर कोणाला विचारायचं, मोबदला कोणाला, आणि मुळात तो छापावा की नाही, हे त्या घरात बसून विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही. प्रकल्पाची तारीख तोवर उलटून गेली तर विषय बदला, गाइडना कारण सांगा. आम्ही ते कारण मान्य करतो.

परत जाणं

ज्युरी, म्हणजे प्रकल्पाची शेवटची परीक्षा, झाली की मुलं बाजारात पुन्हा दिसत नाहीत. परत जाण्यासाठी दुपारी तीनच्या सुमाराची वेळ निवडा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. काय शिकलात ते पाच मिनिटांत सांगा, त्यांच्या भाषेत, त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाचून दाखवा, आणि चुकलं असेल तर तिथेच खोडा. वाचून दाखवताना जे वाक्य तुम्हाला मोठ्याने म्हणवत नाही, ते रिपोर्टमधूनही काढा. फोटो काढला असेल तर एक प्रत छापून द्या. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत.

तो बांबूच्या स्टँडवाला मुलगाही दिवाळीच्या आधी असाच गेला. या वेळी स्टँड नव्हता, नुसता पुठ्ठ्याचा उतरता तुकडा होता, पाणी पलीकडे वळवायला, आणि त्याच्या दोन निराळ्या उंच्या. त्याने खाली ठेवला, 'ना पाडवी होय तो' म्हणाला आणि गप्प बसला. बेननी भाजी मांडली, पाणी शिंपडलं, साडी दाबायला हात नेला, मध्येच थांबवला. मग उंच तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. "ना, आ नहि फावे." आणि दुसऱ्याच्या कडेला आपला पंजा टेकवून त्याला दाखवलं, इतकं हवं. त्याने वहीत लिहिलं: 'एक वीत आणि दोन बोटं, डाव्या बाजूला कमी.' खाली तारीख घातली.